सडका मासा खाल्ला, काळी गोळी थुंकली : तुमचं कुठे अडतं?

गुहागरचा_गणू

मंडळी, गेली चार वर्षं मी उत्तर स्वीडनमध्ये उमेओ नावाच्या गावात आहे. इथे ऑगस्टचा तिसरा गुरुवार आला की दुकानांत फुगलेले डबे दिसायला लागतात. आपल्याकडे डबा फुगला की कचऱ्यात जातो. इथे लोक टुमटुमीत फुगलेला बघून घेतात. आत असतं सुरस्ट्रॉमिंग. बाल्टिकमधला हेरिंग, आपल्या तारलीच्या कुळातला छोटा मासा, वसंतात पकडायचा आणि हात आखडून मीठ लावायचं. सडणार नाही पण आंबेल, इतकंच. डबा बंद केल्यावरही आत आंबणं चालूच राहतं, म्हणून तो फुगतो. २००६ साली एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी हा डबा विमानात न्यायला बंदी घातली, यावरून काय ते समजा.

गेल्या शनिवारी ऑफिसमधल्या एकाने त्याच्या रानातल्या घरी बोलावलं होतं. डबा घरात उघडायचा नाही हा पहिला नियम. त्याने अंगणात पाण्याची बादली ठेवली, डबा पाण्याखाली धरला आणि टोच मारली. फुस्स. मी पंधरा पावलांवर होतो तरी वास पोचला. आधी सडकं अंडं, मग उघडं गटार आणि सगळ्यात मागून खवट लोणी. माश्या कुठून आल्या कोण जाणे, पण अर्ध्या मिनिटात हजर.

आता ताट बघा. पातळ भाकरी, तिला लोणी. उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कच्चा कांदा. त्यावर काटा काढलेला अर्धा मासा, आत गाबोळी तशीच. नाक दाबून पहिला घास घेतला आणि थबकलोच. भाकरी, कांदा, खारट मासा! पावसात बाहेर मासे मिळेनासे झाले की आजी सुकट भाजून जे ताट पुढे करायची, तेच की हे. आंबट जास्त, पण ओळखीचं. तीन भाकऱ्या हाणल्या. यजमान खूश, मी तर फुशारलोच.

मग कॉफी. यजमानांच्या आठ वर्षांच्या लेकीने मोठ्या प्रेमाने तिच्या शनिवारच्या खाऊतली एक गोळी दिली. काळी, माशाच्याच आकाराची, वर पांढुरकी भुकटी. तोंडात टाकली आणि दोन सेकंदांत रुमालात थुंकली. पाकीट उलटून बघितलं तर ज्येष्ठमध, साखर आणि अमोनियम क्लोराईड. म्हणजे नवसागर हो! डोळ्यांपुढे थेट आमचं अंगण. कल्हईवाला बसलाय, पोऱ्या भाता मारतोय, तापून लाल झालेल्या पातेल्यात नवसागराची पूड पडतेय, नाकात झोंबणारा पांढरा धूर उठतोय आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरतंय. पातेल्याची कल्हई कोणी चोखतं का? ती पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच विचित्र.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्याचा डबा विमान कंपन्या नाकारतात ते मी खाल्लं आणि लहान पोरांचा खाऊ थुंकला. तुम्ही काय काय चाखलंत, आणि कुठे हात जोडलेत? अडतं कुठे, नाकाशी, डोळ्यांशी, जिभेशी की नावाशी?

(शाकाहार-मांसाहार नको. धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करू नये ही नम्र विनंती.)

ढेरपोट्या

मी पयला! खिशात पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मंदाकाकू

गणू, कल्हईवाला वाचून मी हसून हसून मेले. आमच्याकडे यायचा तो "कल्हऽऽय" अशी आरोळी द्यायचा आणि आम्ही पोरं गोल करून बसायचो.

माझं म्हणशील तर जन्माची शाकाहारी, त्यामुळे तुमच्या निम्म्या यादीतून मी आपोआप बाद. पण शाकाहारातही माझं अडतंच. शेपू! लग्न होऊन सासरी आले, पहिल्याच आठवड्यात ताटात शेपूची भाजी. गिळली कशी ते माझं मला ठाऊक. आणि अळंबी नाही. सगळे म्हणतात अगदी मटणासारखी लागते. अगं बायांनो, म्हणूनच तर नको!

दर्यासारंग

गणूभाऊ, शेजारच्या आइसलँडला गेलात तर हाकार्ल खाऊन या. ग्रीनलंड शार्क. ताजा खाल्ला तर विषारी, म्हणून पूर्वी खड्ड्यात पुरून वर दगड रचायचे, दीड ते तीन महिने. मग काढून चार-पाच महिने वाऱ्यावर टांगायचा. वास थेट मुतारीचा. मी रेक्याविकला बोट लागली असताना खाल्लाय. माझ्याबरोबरचे दोघे बाहेर पळाले, मी सावकाश चावून खाल्ला. कारण आमची आई मालवणची. तिला फोनवर कौतुकाने सांगितलं तर म्हणते, "मेल्या, त्येका इतक्या लांब कित्याक जावक होया? आपली मोरी आसा मा!"

आणि खरंच आहे ते. मोरी म्हणजे शार्कच. या जातीचे मासे अंगात युरिया साठवून ठेवतात, खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकावं म्हणून. मासा मेला की त्याचा अमोनिया व्हायला लागतो. म्हणून तर मोरी ताजीच घ्यायची. घरी आणल्यावर उकळतं पाणी ओतून अंगावरची वाळूसारखी खरखरीत साल खरवडायची, मीठ-हळद चोळून धुवायची आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात मोरीचं मटण करायचं. आइसलँडवाल्यांनी त्या वासाला सहा महिने मुरवलं, आपण त्याला अर्ध्या तासात मसाल्याने गप्प केलं.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खायला घालतात. इंग्रजीत एका जातीचं नावच मिल्क शार्क पडलंय, ते आपल्याकडच्या याच समजुतीवरून.

माझं अडतं ते कच्च्या कालवांशी. शिजवलेली कालवं परातभर द्या. पण शिंपल्यातून लिंबू पिळून जिवंत गिळायचं? नाही जमत. फ्रान्समध्ये तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा घशाने दार लावून घेतलं.

स्वरा_एस

मी बँकॉकला तळलेले नाकतोडे खाल्लेत, कुरमुऱ्यांसारखे लागतात. पण वजडी, रक्ती, भेजा असलं काय काय खातात ना लोक आपल्याकडे, ईऽऽऽ! नुसतं ऐकूनच कसंतरी होतं.

ओसाकाची_ओवी

नाट्टो! अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

आंबवलेलं सोयाबीन. चॉपस्टिकने पन्नासेक वेळा घोटायचं, मग त्याला तार सुटते. भेंडीची तार परवडली, ही तोंडापासून वाटीपर्यंत झुलत राहते. मी पहिली दोन वर्षं हात लावला नाही. गंमत म्हणजे माझ्या ऑफिसातले निम्मे लोकही लावत नाहीत. नाट्टो ही पूर्वेकडची, मितो शहराकडची आवड, आणि आमच्या कान्साईत, म्हणजे ओसाकाच्या भागात, नाक मुरडणारे पुष्कळ. म्हणजे "जपानी लोक नाट्टो खातात" हे म्हणणं "मराठी लोक सुकट खातात" म्हणण्यासारखं. कुठले मराठी?

वळण कसं पडलं ते सांगते. त्याच्याबरोबर मोहरीची छोटी पुडी येते. एकदा ती सगळी घातली, वरून बारीक कांदा आणि गरम भात. नाकात मोहरी चढली आणि वास मागे पडला. आता आठवड्यातून दोनदा लागतंच. घरात कुणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर मात्र नाट्टो द्यायचं नाही. त्यात क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. माझे बाबा इथे आले होते तेव्हा डॉक्टरांनी आधी हेच विचारलं.

काळी_माती

स्वरा, तुमच्या "ईऽऽऽ"वर लिहू का नको असा विचार करत होतो. लिहितोच.

मी मराठवाड्यातला. तुमच्या यादीतलं सगळं आमच्या घरात शिजायचं. चव बघायला म्हणून नव्हे, तेच वाट्याला यायचं म्हणून. चांगलं मटण ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे जायचं, आमच्याकडे वजडी, मुंडी, पाय आणि रक्त. आईने त्यातून जे केलं ते सांगतो, मग ठरवा.

वजडी आणली की ती हिरवट-काळी असते, अंगावर टॉवेलासारखे बारीक काटे. उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, चुना लावायचा आणि दगडावर घासायची. आई घासता घासता मधेच नाकाशी नेऊन वास घ्यायची आणि पुन्हा घासायची. सातव्या-आठव्या पाण्याला ती पांढरीशुभ्र व्हायची. एवढी मेहनत तुमच्या पनीरला कोण घेतं? रक्ती करायची तर रक्त पातेल्यात गोठू द्यायचं, उकळून घट्ट झालं की वड्या पाडायच्या आणि कांदा, तिखट, मीठ घालून परतायच्या. लोखंडी तव्यावर. वास फोडणीचा येतो, दुसरा कसला नाही.

शाळेत डबा उघडताना मी झाकण तिरकं धरायचो. बाकावरच्या पोराने एकदा विचारलं, काय आहे? मी म्हटलं, वांगं.

आणि आता पुण्या-मुंबईत हॉटेलात वजडी फ्राय मेनूकार्डावर असते. मित्र नेतात, "ट्राय कर, एकदम हटके आहे." मी खातो. चुन्याचा वास राहिलेला असतो, नीट धुतलेली नसते.

तुम्ही बँकॉकचे नाकतोडे खाल्ले, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्यांना कुरमुरे म्हणालात आणि आमच्या ताटाला ई, एवढंच दिसलं.

मंदाकाकू

काळी_माती, झाकण तिरकं धरायचो हे वाचून पोटात कालवलं हो.

स्वरा_एस

सॉरी. मनापासून. टाइप करताना दुसऱ्यांदा विचार केला नाही. पोस्ट काढून टाकू का?

काळी_माती

राहू द्या. काढली तर माझं लिहिणं कुणाला कळायचं नाही.

गुहागरचा_गणू

धाग्याच्या मथळ्यात "सडका" मीच लिहिलंय आणि माझा यजमान ते वाचू शकत नाही म्हणून वाचलो. नोंद घेतली, दादा.

फिरस्ता_फौजी

नोकरीनिमित्त नागालँडला पावणेतीन वर्षं काढली. दिमापूरचा बुधवार बाजार ज्याने पाहिला नाही त्याने पाहावा. परातीत वळवळणारे रेशीमकिडे, गांधीलमाशीचं अख्खं पोळं, त्यातल्या एकेका खोलीत पांढरी जाडजूड अळी. बायका पोळं उन्हाकडे धरून किती खोल्या भरल्यात ते बघून भाव करतात, आपण फणसावर टिचकी मारून बघतो तसं.

अळ्या खाल्ल्या. नुसत्या मिठात परतलेल्या, आत लोण्यासारख्या. आखुनी घातलेलं डुकराचं मटणही खाल्लं. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीनच, चुलीवर धुरात ठेवलेलं. ओवीताई, तुमच्या नाट्टोचं सख्खं भावंड, आंबवणारा जिवाणूही तोच. पहिल्या दिवशी मला वाटलं घरात कुणीतरी ओले मोजे वाळत घातलेत.

कुत्र्याच्या मटणाला मात्र नाही म्हटलं. २०२० साली तिथल्या सरकारने विक्रीवर बंदी घातली होती, २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. माझं नाही म्हणणं कायद्यापायी नव्हतं. गावी आमचा वाघ्या होता, बस. यजमानांनी एकदाही आग्रह केला नाही.

पण पुढचं ऐका. दिवाळीला मी साजूक तुपातला शिरा करून त्यांच्याकडे नेला. त्यांच्या म्हाताऱ्या आईने वाटी नाकाशी नेली, हसली आणि हळूच बाजूला ठेवली. मुलगा ओशाळून म्हणाला, तिला दुधा-तुपाचा वास सहन होत नाही, आमच्या जुन्या लोकांत दूध पीतच नसत, ते वासराचं म्हणायचे. काजू-बेदाणे घातले होते हो वरून!

रसायनवाला

फौजी, अगदी असाच किस्सा डार्विनच्या नावावर आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगोत तो डब्यातलं थंड मांस खात बसला होता. तिथल्या एका माणसाने त्या मांसाला बोट लावून बघितलं आणि ते इतकं मऊ लागल्याची त्याला शिसारी आली. आणि डार्विनला शिसारी आली ती त्या उघड्या माणसाने आपल्या जेवणाला बोट लावल्याची. हात मळलेले नव्हते, हे तो स्वतःच लिहितो. १८७२ साली छापलंय. त्याच जागी आणखी एक बारीक निरीक्षण आहे. दाढीला लागलेलं सूप बघून किळस येते, पण सुपात किळसवाणं काहीच नसतं. आमच्याकडे अण्णांच्या मिशीतल्या ताकाला हा नियम तंतोतंत लागू.

गणूच्या प्रश्नाला माझं उत्तर : अडतं ते डोक्याशी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पॉल रोझिन यांनी १९८६ साली सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. मेलेलं, निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. धोका शून्य आणि लोकांना तो माहीतही होता. तरी प्यायला नको.

आणि माहीत नसलं की सगळं चालतं. मंदाकाकू, जरा धीर धरून वाचा. पाकिटावर १२० हा रंगाचा आकडा दिसला तर तो लालसर रंग किड्यांपासून काढतात. चकचकीत गोळ्यांवर ९०४ दिसलं तर ती लाख. तीही किड्याचीच, सुताराच्या पॉलिशमधली चपडा.

मंदाकाकू

काय रे हे! नातवाच्या गोळ्यांचं पाकीट आत्ता चष्मा लावून बघितलं. ९०४ आहे. मी त्यातल्या रोज दोन खाते.

भामरागडी

चपडावरून आठवलं. आमच्या पलीकडे बस्तरमध्ये "चापडा" म्हणतात ती लाल मुंग्यांची चटणी. इकडे माडिया लोकांतही खातात. त्या मुंग्या झाडावर पानं शिवून चेंडूएवढं घर करतात. पहाटे गारव्यात त्या सुस्त असतात, तेव्हा फांदी तोडून घर टोपलीत झटकायचं. मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी, मिरची, मीठ, दगडावर वाटायचं. लिंबाची गरजच नाही, मुंगीतच आंबट असतं. ताप आला की आवर्जून देतात. ओडिशातल्या सिमिलिपालच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

मी इथे शिक्षक म्हणून आलो तेव्हा पहिल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या घरी पानावर वाढली. अडलो. मुंगी चावून मेलेली आठवत होती. पोराचा बाप म्हणाला, "गुरुजी, ती तुम्हाला चावते तेव्हा चालते, तुम्ही चावलं तर काय झालं?" खाल्ली. आता सुट्टीत गावी गेलो की डबीत नेतो, पण घरच्यांना सांगतो चिंचेची आहे.

माझं कायमचं अडलेलं : दुधीचा रस. पहाटे बागेबाहेर विकतात तो.

ढेरपोट्या

भामरागडी गुरुजी, दुधीला +१००. मुंग्या चालतील.

स्टुटगार्टची_सून

उलट्या बाजूचा अनुभव. इथे वरच्या मजल्यावर जर्मन घरमालकीण. एकदा वरणाला फोडणी दिली आणि पाच मिनिटांत दारावर टकटक. गॅस गळतोय का? मी हिंगाची डबी दाखवली. तिने हुंगली, मागे सरली आणि म्हणाली, अरे हा टॉयफेल्सड्रेक! म्हणजे सैतानाची विष्ठा. जर्मनमध्ये हिंगाचं हे खरंखुरं जुनं नाव आहे. मी सैतानाची विष्ठा चिमूटभर रोज वरणात घालते आणि तिच्या फ्रिजमधल्या चीजला नाक धरते, असं आमचं सुखाने चाललंय.

गुहागरचा_गणू

वाचतोय सगळं. सुरस्ट्रॉमिंगपेक्षा भारी माल निघाला.

आजची ताजी खबर. सोमवारी ऑफिसात फौजींचा शिऱ्याचा किस्सा सांगितला. म्हटलं, आमच्याकडे तर त्याहून विचित्र आहे. गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक काढून, गूळ घालून वाफवून वड्या पाडून खातात. सगळे ई करतील म्हणून तयारीने सांगितलं. तर तो सुरस्ट्रॉमिंगवाला यजमान उठून उभा राहिला. "काल्वदान्स!" म्हणाला. म्हणजे वासराचा नाच. यांच्याकडे पण खरवस आहे हो! चीक, साखर, भट्टीत भाजायचा, वर जॅम. त्याची आजी करायची, आता चीक मिळत नाही म्हणून वीस वर्षांत खाल्लेला नाही. तरुण मंडळींनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या, स्वीडिश असूनही.

आज त्याने कुठल्याशा ओळखीच्या गोठ्यातून अर्धा लिटर चीक आणून माझ्या टेबलावर ठेवला. पहिल्या दिवसाचा, पिवळाधमक. मला खरवस खाता येतो, करता येत नाही. मंदाकाकू, दूध किती घालू?

मंदाकाकू

पहिल्या दिवसाचा आहे ना? मग दीडपट तरी दूध घाल, नाहीतर रबर होईल. सगळा एकदम लावू नकोस. आधी वाटीत दोन चमचे घालून वाफवून बघ. घट्ट वाटला तर आणखी दूध घाल. गूळ चिरून, गाळून घाल. वेलची, जायफळ. कुकरला शिट्टी लावायची नाही, वीस-पंचवीस मिनिटं.

आणि त्या पोरीला द्यायचा असेल तर तिच्या वाटीत गूळ जरा जास्त. नवसागर नको.